खिडकीकडच्या नळ्या

१

तिसरी नळी निघाली ती मंगळवारी, दुपारचं जेवण वाटायला सुरुवात झाली तेव्हा.

हाडांच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर पोस्टमनकाका होते. उभं आयुष्य दारोदार पायपीट केलेला हा माणूस स्वतःच्या न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. सून त्यांना चमच्याचमच्यानं सूप पाजत होती. चार घोट घेतले आणि काकांनी तोंड फिरवलं. सुनेनं पांघरूण सारखं करायला उचललं आणि तिच्या हातातला वाडगा निसटला. चादर रक्तानं भिजली होती. लघवीची नळी मांड्यांच्या मध्ये मोकळी पडली होती आणि तिच्या टोकाचा फुगा तसाच टम्म होता.

ज्यांनी ही नळी कधी पाहिलेली नाही त्यांना एवढं सांगायला हवं. नळीचं टोक मूत्राशयात पोचलं की तिथला इवलासा फुगा पाणी भरून फुगवतात, म्हणजे नळी निसटत नाही. दुसरं टोक खाली टांगलेल्या पिशवीत. नळी काढायची तर आधी फुग्यातलं पाणी सिरिंजनं काढून घ्यायचं. ते न काढता नळी ओढली गेली, तर फुगा सगळी नाजूक वाट ओरबाडत बाहेर येतो.

पोस्टमनकाकांना तडक ऑपरेशन थिएटरात न्यावं लागलं. त्यांच्याआधी शिंपीकाका आणि त्यांच्याआधी शाळेतले एक निवृत्त मास्तर. बारा दिवसांत तीन नळ्या, तिन्ही खिडकीकडच्या रांगेतल्या. सकाळपाळीला त्या रांगेची सिस्टर एकच होती, चार महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी. तिला सगळा वॉर्ड 'नवी' म्हणायचा.

भरीस भर म्हणजे तिन्ही वेळा पिशवी खाटेच्या कठड्याला अडकवलेली सापडली. पिशवी खाटेखालच्या हुकलाच लावायची असा दंडक होता, कारण कठडा वरखाली होतो. नवी शपथेवर सांगत होती की पिशव्या तिनं हुकलाच लावल्या होत्या. त्या कठड्यावर कशा चढल्या, हे काही तिला सांगता येत नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी चौकशी बोटबाईंकडे सोपवली.

"गुरुवारी सकाळी दहाला मला एक नाव हवंय," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का? मला वाटतं ते तुम्हालाही ठाऊक आहे."

२

बोटबाई हे नाव अर्थातच पाठीमागे. तोंडावर सगळे त्यांना 'मोठ्या सिस्टर' किंवा नुसतं 'बाई' म्हणत. हॉस्पिटलात जंतुसंसर्ग होऊ नये हे बघणं त्यांचं काम. कुठल्याही वॉर्डात शिरल्या की पहिल्यांदा त्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत आणि ते बोट इनचार्जच्या नाकासमोर धरत. एकतीस वर्षं नोकरी झाली होती, चार महिन्यांनी निवृत्ती होती आणि सेवापुस्तकात ठपक्याची एक ओळ नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

बुधवारी सकाळी त्या हाडांच्या वॉर्डात शिरल्या. बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. फरशी आरशासारखी. खाटेखाली कुठे वायर लोंबत नव्हती. बोलवायच्या घंटीची दोरी, दिव्याची वायर, पडद्याची दोरी, सगळं दांडीला एक वेढा देऊन वर बांधलेलं. बाईंना मनातून बरं वाटलं, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दाखवलं नाही.

नवी लिननच्या खोलीत उभी होती. रात्रभर रडली असावी, पण युनिफॉर्मला चुणी नव्हती.

"बस," बाई म्हणाल्या. "आणि पाठ केलेलं बोलू नकोस."

खरं तर बाईंचं मत आधीच कलुषित होतं. पंधरवड्यापूर्वी फेरीवर असताना त्यांनी शिंपीकाकांच्या खाटेखाली लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली पाहिली होती. तेव्हा सगळ्या वॉर्डादेखत त्यांनी या मुलीला फैलावर घेतलं होतं. "ही पिशवी आहे की पायपुसणं?" असं विचारलं होतं. त्यापुढेही बरंच काही बोलल्या होत्या. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली, एका शब्दानं उलट बोलली नाही. जिच्याकडे उत्तर नसतं ती गप्प बसते, असं बाईंनी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

"पिशव्या तू हुकला लावल्यास?"

"हो बाई. अकरा वाजता प्रत्येक खाटेपाशी वाकून बघते मी. मग डॉक्टरांबरोबर ड्रेसिंगला जाते ती बारापर्यंत."

"आणि नळी मांडीला चिकटवतेस?"

"दोन पट्ट्यांनी. आणि पट्टीच्या कडेला नळीवर पेननं रेघ मारते."

"रेघ? कशाला?"

मुलगी जरा लाजली. "नळी सरकली तर कळावं म्हणून. रेघ पट्टीपासून लांब गेली की समजायचं, नळी जागची हलली. मला कुणी शिकवलं नाही, असंच सुचलं."

एकतीस वर्षांत बाईंना हे सुचलं नव्हतं.

"पोस्टमनकाकांच्या त्या पट्ट्या कुठे आहेत?"

"मी ठेवल्यात," नवी म्हणाली आणि खिशातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली. "टाकवल्या नाहीत."

बाईंनी चष्मा वर सरकवला. दोन्ही पट्ट्या मुळापासून उपटलेल्या होत्या, त्यांना मांडीवरचे केस चिकटले होते. नळीभोवतीचा पट्टीचा वेढा मात्र घट्ट होता. बाईंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"पोरी, हे तू कुणाला दाखवलंस?"

"कुणी विचारलंच नाही बाई."

"म्हाताऱ्यांनी भ्रमात नळी उपटली असती, तर कुठे धरून उपटली असती?"

नवी क्षणभर विचारात पडली. "अंगालगत. पट्टीच्या अलीकडे." आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "मग मांडीवरच्या पट्ट्या जागच्या हलल्या नसत्या!"

"हिसका पिशवीकडून आलाय," बाई म्हणाल्या. "कुणीतरी पलीकडून ओढलंय."

३

कुणीतरी म्हणजे कोण?

पोस्टमनकाकांची सून बाकावर अंग चोरून बसली होती. बाईंनी विचारायच्या आधीच ती बोलू लागली. "मी फक्त कठडा खाली केला हो. पाठीला उशी लावली, सूप पाजलं. नळीला हात लावला असेल तर माझा हात झडून जाईल."

"कठडा खाली करताना सासरे ओरडले का?"

"ते हलवलं की ओरडतातच. हाड मोडलंय ना. पहिले दोन दिवस मला रडू यायचं, आता सवय झाली." आणि एवढं बोलून तिला खरंच रडू आलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पेशंटना व्यायाम देणारा तरुण मात्र उड्या मारतच आला. वॉर्डात त्याला 'व्यायामवाले' म्हणत. "मोठ्या सिस्टर, मी हाडांचा माणूस. लघवीशी माझं काय घेणंदेणं? शिंपीकाकांचा कठडा मी खाली केला, पाय लोंबते सोडून बसवलं, दहा मोजले, झोपवलं. बोंब मारली त्यांनी, पण ते तर मला लांबून येताना बघूनच बोंब मारतात."

"आणि मास्तरांचा कठडा?"

"तो जेवणवाल्यानं खाली केला, मी बघितला. टेबल सरकवायचं असतं त्याला."

म्हणजे तीन पेशंट आणि कठड्याला लागलेले तीन वेगळे हात. बाईंनी वहीत तिघांची कामं लिहिली आणि तिन्हीवर काट मारली. एकमेकांशी ज्यांचं बोलणंसुद्धा नाही अशी तीन माणसं मिळून कट करतील, हे पटण्यासारखं नव्हतं.

राहिल्या इनचार्ज सिस्टर. भिंतीकडची रांग त्यांच्याकडे. ठसठशीत बाई, आवाजही तसाच.

"माझ्या रांगेत चार जणांना नळ्या आहेत," त्या म्हणाल्या. "निघाली एक तरी? हाताला वळण लागतं तेव्हा ते जमतं. पोरगी वाईट नाही हो, कामसू आहे, पण कच्ची आहे. तिच्यापायी माझ्या वॉर्डाचं नाव खराब झालं."

बोलत बोलत दोघी त्या रांगेतून चालल्या होत्या. बाईंचा पाय कशाला तरी थडकला. वाकून पाहिलं तर खाटेखाली निळा प्लॅस्टिकचा टब, आणि त्यात लघवीची पिशवी आरामात विसावलेली.

"हे काय?"

"माझ्या नातवंडांच्या आंघोळीचे टब! आता मोठी झाली ती. चार होते, चारही आणले. महिन्यापूर्वी कागद आला ना, म्हातारे पेशंट पडू नयेत म्हणून त्यांच्या खाटा पार खाली करून ठेवा. खाट खाली आली की हुकची पिशवी जमिनीला टेकणारच. मग तुम्ही बोलणार. म्हटलं, खाली टब ठेवला की प्रश्न मिटला. रोज धुवून घेते हां, बोट फिरवून बघा!"

बाईंनी बोट फिरवलं नाही. त्या खिडकीकडच्या रांगेकडे बघत होत्या. तिथेही खाटा खाली होत्या, पण टब एकही नव्हता.

"पिशवी टेकायची," बाई हळूच म्हणाल्या. "रोज टेकायची. मग पंधरा दिवसांत मला ती टेकलेली पुन्हा दिसली कशी नाही?"

त्याच वेळी दहा नंबरच्या खाटेवरून किंकाळी आली.

४

दहा नंबरवर ड्रायव्हरकाका होते, चांगले आडदांड. व्यायामवाल्यानं नुकताच कठडा खाली करून त्यांना बसवायला घेतलं होतं.

"काही नाही, काही नाही, पाय दुखला," तो म्हणाला. "काका, श्वास सोडा. एक, दोन—"

"थांबा!"

ड्रेसिंगची गाडी तशीच सोडून नवी आली होती. ती धावली नाही. भरभर चालत आली, पडदा ओढला, काकांचं पांघरूण त्यांची लाज राखून हवं तेवढंच बाजूला केलं आणि वाकून बघितलं.

"रेघ तीन बोटं लांब गेलीय," ती म्हणाली. "नळी निघाली नाही, सरकलीय. कुणी हात लावू नका."

"मग ढकल ना आत परत," व्यायामवाले म्हणाले.

"नाही!" या एका शब्दात जी धार होती ती ऐकून इनचार्ज सिस्टरसुद्धा दोन पावलं मागे सरल्या. "फुगा आता वाटेत अडकलाय. आत ढकलला तरी फाटणार, ओढला तरी फाटणार. सर, प्लीज, डॉक्टरांना फोन करा. सिस्टर, रिकामी सिरिंज द्या."

बाई पडद्याच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. मुलगी आता कालची रडणारी मुलगी राहिली नव्हती. एका हातानं तिनं काकांचं ओटीपोट चाचपून पाहिलं, दुसऱ्या हातात त्यांचा हात धरला.

"काका, माझ्याकडे बघा. नळी जरा जागची हललीय म्हणून दुखलं. मी आधी फुग्यातलं पाणी काढून घेणार, मग तुम्हाला हलकं वाटेल. दुखलं तर मला शिव्या द्या, चालेल."

"मुलीच्या वयाची आहेस," काका दात आवळून म्हणाले, "शिव्या कशा देऊ?"

"मग गाडी चालवताना द्यायचा त्यातल्या साध्या साध्या द्या."

काका दुखण्यातही हसले, आणि हसताना त्यांचं अंग जे सैल पडलं तेवढ्यात तिनं सिरिंज लावली. पाणी आपोआप सिरिंजमध्ये येऊ दिलं, घाई केली नाही. "दहा मिली घातलं होतं, दहा परत आलं," मोठ्यानं मोजून सांगितलं. नळी अलगद बाहेर आली. रक्ताचे चार थेंब, बस्स. तिनं गॉझ धरला, वेळ बघितली, कागदावर लिहिली. डॉक्टर येईपर्यंत काकांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि नवीन नळीचं सामान मांडून ठेवलं. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, नवीन नळी व्यवस्थित गेली आणि पिशवीत स्वच्छ पिवळी धार सुरू झाली. तोवर ती खाटेपाशीच उभी होती.

"अजून जरा कुणी नळी ओढली असती तर हेही थिएटरात गेले असते," डॉक्टर हात धुताना म्हणाले. "कुणी ओळखलं?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नवी ड्रेसिंगच्या गाडीकडे परत गेली होती.

या मुलीवर उद्या ठपका बसला तर असा शेरा घेऊन तिला कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करणार नाही. हे हात घरी बसले तर ते पाप कुणाच्या माथी?

त्या खाली वाकल्या. जुनी पिशवी अजून खाली केलेल्या कठड्याच्या तळच्या दांडीला लटकत होती, लोंबत्या चादरीआड. नळीला दांडीभोवती एक वेढा दिलेला होता आणि वेढा सुटू नये म्हणून गॉझची एक चिंधी बांधली होती. नीटनेटकी, फुलासारखी गाठ.

बाईंनी मान वर केली. घंटीच्या दोरीलाही तसाच वेढा होता आणि तशीच गाठ. दिव्याच्या वायरीला आणि पडद्याच्या दोरीलाही.

५

"मावशी," बाईंनी हाक मारली.

वॉर्डाची साफसफाई करणारी मावशी बादली ठेवून आली. किडकिडीत, पदर खोचलेला, हातात पोछा. अकरा ते बारा ही तिची फरशी पुसायची वेळ.

"ही गाठ तुमची ना?"

"होय की." मावशीच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. "पुसायच्या आधी सगळं वर बांधते. नाहीतर पोछ्यात अडकतंय."

"आणि ही पिशवी?"

"तीपण. या रांगेत टेकतात ना पिशव्या. तिकडं टब हायेत, तिकडं नाही हात लावत मी."

"नळीला वेढा का दिलात?"

"लांब लोंबते, फरशीला लागते. पहिली निघाली तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्यानं ओढली असंल. म्हणून पुढच्यांची जरा घट्ट बांधली. ओढली तरी निघू नये म्हणून."

इनचार्ज सिस्टरनी कपाळाला हात लावला. बाईंनी त्यांना नजरेनंच गप्प केलं आणि शेजारच्या रिकाम्या खाटेचा कठडा खटका दाबून खाली सोडला. धाडकन. दीड हात खाली. मावशीनं कठड्याकडे बघितलं, मग चिंधीकडे, मग पडद्याआडच्या ड्रायव्हरकाकांकडे. तिच्या हातातला पोछा गळून पडला.

"माझ्यामुळं?" ती म्हणाली. "तिघंबी? पोस्टमनकाकांचं रक्त मीच पुसलं हो. धुण्याआधी मीच ती चिंधी सोडली. मला कळलं न्हाई."

"पण रोगी हाताळायचं तुमचं काम नाही मावशी," इनचार्ज सिस्टर अखेर म्हणाल्याच. "पिशवीला हात लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती. तिनं मान वर केली आणि सरळ बोटबाईंकडे पाहिलं.

"बाईंनी."

इनचार्ज सिस्टर चमकून बाईंकडे वळल्या.

"त्या दिवशी पोरीला सगळ्यांदेखत बोललात ना तुम्ही. म्हणालात, पिशवी जमिनीला लागलेली ज्याच्या नजरेला पडेल त्यानं ती उचलायची, मग तो कुणी का असेना. माझ्याकडं बघून म्हणालात. पोरगी त्या दिवशी जेवली न्हाई. माझ्याशी तीच एक नीट बोलते, मावशी दमलात का विचारते. म्हटलं, हिला पुन्हा बोलणी बसायला नकोत. म्हणून रोज उचलत होते."

गेल्या बारा दिवसांतला एकेक दिवस बाईंच्या डोळ्यांपुढून सरकला. पहिली नळी निघाली ती त्यांच्या त्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी.

६

गुरुवारी दहाला मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाभोवती चौघं होती. डॉक्टर, इनचार्ज सिस्टर, नवी आणि बाई. मावशी बाहेर बाकावर. तिची नोकरी ठेकेदाराकडची होती. एक फोन गेला की उद्यापासून तिच्या जागी दुसरी, आणि हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी गॉझची चिंधी आणि त्या चिकटपट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"पट्ट्या मांडीवरून उपटल्यात, म्हणजे हिसका पिशवीकडून आला. पेशंटनी नळी ओढली नाही," त्या म्हणाल्या. "कठडा तीन वेळा तीन वेगळ्या माणसांनी खाली केला. तिघांनीही रोजचंच काम केलं. फक्त त्या कठड्याला नळी बांधलेली आहे हे चादरीआड कुणाला दिसलं नाही, आणि पेशंट ओरडले ते हाडामुळे असं सगळ्यांना वाटलं. भिंतीकडच्या रांगेत असं घडलं नाही, कारण तिथे टब आहेत. तिथली पिशवी उचलायची कुणाला गरजच पडली नाही."

"म्हणजे सफाईवालीनं बांधली," डॉक्टर म्हणाले. "संपलं. फोन लावतो ठेकेदाराला."

"तिला आदेश होता."

"कुणाचा?"

"माझा." बाईंनी लिहून आणलेला कागद पुढे सरकवला. "खाटा खाली आल्यात आणि हुक आता उपयोगाचा नाही, हे मी बघायला हवं होतं. ते माझं काम. मी बघितली फक्त टेकलेली पिशवी. पिशवी उचला म्हणाले, पण कुठे ठेवा ते सांगितलं नाही. ज्यांना ते शिकवलेलं नाही त्यांनाही उचला म्हणाले. तुम्हाला एक नाव हवं होतं. ते खाली लिहिलंय."

डॉक्टरांनी कागद वाचला. खाटा खाली करायच्या कागदावर सही त्यांचीच होती, आणि ते त्यांना आठवलं असावं, कारण फोनकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"सिस्टर, चार महिने राहिलेत तुमचे. एकतीस वर्षांचं कोरं पुस्तक आहे. लेखी ताकीद द्यावी लागेल मला."

"द्या की. एक ओळ मावेल त्यात."

"मावशींना पुन्हा नेमून दिलेल्या कामाबाहेर हात लावू देऊ नका," डॉक्टर सही करत म्हणाले. "आणि इनचार्ज, टब मागवा. तुमच्या नातवंडांवर किती दिवस हॉस्पिटल चालवायचं?"

बाहेर आल्यावर नवीनं बाईंना गाठलं.

"बाई, म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं ना?"

"चुकलं होतं," बाई म्हणाल्या. मुलीचा चेहरा उतरला. "मी बोलले त्या दिवशी तुला ठाऊक होतं ना, खाट खाली आलीय, पिशवी टेकणारच?"

"...हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

नवी खाली बघत म्हणाली, "तुम्हाला कसं सांगणार, बाई?"

इतकी वर्षं हाताखालच्या किती मुली मान खाली घालून गप्प राहिल्या असतील, आणि प्रत्येकीकडे उत्तर नाही असं आपण समजून चाललो, हा विचार बाईंना त्या ताकिदीपेक्षा जास्त लागला. त्यांनी मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि त्या जिना उतरून गेल्या.

७

सोमवारी बाईंनी हाडांच्या वॉर्डात शिकवणी ठेवली. सगळ्या सिस्टर, व्यायामवाले, जेवणवाला, आणि पहिल्यांदाच सफाईच्या मावशीही. पोस्टमनकाकांची लघवी आता स्वच्छ येत होती. सूनबाई त्यांच्या उशाशी बसून कान देऊन ऐकत होत्या.

बाईंनी रेघेची युक्ती समजावून सांगितली आणि ती कुणाची तेही सांगितलं. "एकतीस वर्षांत मी हजारभर नळ्या बघितल्या असतील," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी दहा नंबरला जसं काम झालं, तसं मी फार थोड्यांचं बघितलंय." नवीचे कान लाल झाले. व्यायामवाल्यांनी पेन काढून रेघेचं लिहून घेतलं.

मग बाईंनी मोकळ्या खाटेवर नळी, पिशवी आणि नवा टब मांडला.

"आता पेशंटला कुशीवर वळवायचं असेल तर," त्या म्हणाल्या, "आधी त्याला वळवा, नीट निजवा आणि मग पिशवी—"

"बाई."

आवाज मागून आला होता, आणि फार मोठाही नव्हता. सगळ्यांनी वळून बघितलं. नवी उभी होती, हात पोटाशी घट्ट धरलेले.

"बाई, चुकतंय. आधी पिशवी त्या बाजूला न्यायला हवी. नाहीतर वळवताना ताण येतो."

मोठ्या सिस्टरची चूक भर वर्गात कुणी दाखवली, असं त्या हॉस्पिटलात आजवर घडलं नव्हतं. मावशींनी हळूच पदर तोंडाशी नेला.

बाईंनी खाटेकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. मग त्या दोन पावलं मागे सरल्या आणि समोरच्या बाकावर मावशींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"इकडे ये," त्या नवीला म्हणाल्या. "पुढचं तू शिकव."